परसातील कडकनाथ : रंग आणि ठेवण कशी टिकवाल?

परसातल्या कोंबड्या म्हणजे शेतकरी कुटुंबातील बायामाणसांची हक्काची मिळकत. अंडी विकून मीठ-मिरची येते, मुलांच्या वह्या येतात आणि अडीनडीला एखादा कोंबडा विकून दवाखान्याचा खर्चही भागतो. गेल्या काही वर्षांत या परसात कडकनाथ ही काळी कोंबडी आली. गावठी कोंबडीपेक्षा तिला भाव जास्त मिळतो, म्हणून अनेकांनी दहा-वीस पिल्ले विकत घेतली. पहिल्या वर्षी सर्व काही ठीक दिसले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र त्याच कळपात गोऱ्या कातडीची, लाल तुऱ्याची, पिवळ्या पायांची पिल्ले निघू लागली. गिऱ्हाईक भाव पाडून मागू लागले.

आमच्या घरीही हेच घडले. 2019 साली दारावर आलेल्या एका विक्रेत्याकडून आईने 12 पिल्ले घेतली. माद्या काळ्याभोर निघाल्या. नर थोडे राखी रंगाचे होते. परंतु "नराचा तुरा लालसर असतोच" असे विक्रेत्याने सांगितले आणि आम्ही ते मानले. पुढच्या वर्षी घरच्याच अंड्यांतून 32 पिल्ले निघाली. त्यांपैकी पक्की काळी 11, राखी 12 आणि साध्या गावठी रंगाची 9! शेजारच्या तीन बायकांकडून आईने पिल्लांसाठी आगाऊ पैसे घेतले होते, ते परत करावे लागले. मी स्वतः कृषीचा पदव्युत्तर पदवीधर. पिकांच्या बियाण्याची शुद्धता वर्गात शिकवतो, पण घरच्या खुराड्यातले बियाणे मात्र तपासले नव्हते. ही चूक इतरांकडून होऊ नये म्हणून हा लेख.

जातीची ओळख

कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर व धार या भागातील जात. आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला, नर्मदेपलीकडे हा मुलूख लागतो. तेथील भिल्ल व भिलाला समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. काळ्या मांसामुळे तिला 'काली मासी' असेही म्हणतात. झाबुआच्या कडकनाथच्या काळ्या मांसाला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

पिसांच्या रंगावरून या जातीचे तीन प्रकार मानले जातात. पहिला पूर्ण काळा, दुसरा मानेवर पांढरट रेघा असलेला आणि तिसरा डोके व मानेवर सोनेरी पिसे असलेला. शरीर मध्यम आकाराचे असते. पूर्ण वाढलेला नर साधारण दीड ते दोन किलो व मादी एक ते दीड किलो भरते. मादी सुमारे सहा महिन्यांची झाल्यावर अंड्यावर येते व वर्षाला साधारण 80 ते 100 अंडी देते. अंडी फिकट तपकिरी असतात, काळी नसतात. रक्तही लालच असते. काळी अंडी किंवा काळे रक्त असे सांगून कोणी पक्षी विकत असेल तर तेथून घेऊ नये.

रंग पिसांत नव्हे, कातडीत पाहावा

पिसांचा काळेपणा आणि कातडीचा काळेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलॉर्प या जातीची पिसे काळीभोर असतात, पण कातडी पांढरी व तुरा लालभडक असतो. आपल्या गावठी कोंबड्यांतही काळ्या पिसांच्या पुष्कळ निघतात. याउलट सोनेरी मानेची कडकनाथ कोंबडी आतून काळीच असते. म्हणून पारख करताना पुढील जागा पाहाव्यात.

1) चोच उघडून जीभ व टाळू पाहावी.
2) पंखाखालची व छातीवरची पिसे बाजूला सारून कातडी पाहावी.
3) तुरा, चेहरा व हनुवटीखाली लोंबणारी कातडी पाहावी. ती काळपट ते जांभळट असावी.
4) पायाची नळी, बोटे, नखे आणि विशेषतः तळवा पाहावा.

कोणत्याही एका खुणेवरून निर्णय घेऊ नये. वयात आलेल्या नराच्या तुऱ्यात थोडी लालसर झाक शुद्ध जातीतही दिसू शकते. परंतु तुरा लाल, जीभ गुलाबी आणि तळवा पांढरा असे तिन्ही एकत्र दिसले तर तो पक्षी पैदाशीसाठी ठेवू नये.

काळा रंग पुढच्या पिढीत कसा उतरतो?

हे समजले तर पुढची सर्व कामे सोपी होतात. कातडीच्या काळेपणामागे मुख्यतः दोन आनुवंशिक घटक असतात.

पहिला, काळे करणारा घटक. प्रत्येक पिल्लाला आईकडून एक व बापाकडून एक असे दोन वाटे मिळतात. काळे करणारा एक वाटा मिळाला तरी तो आपला प्रभाव दाखवतो. शुद्ध कडकनाथमध्ये दोन्ही वाटे काळे असतात, तर संकर झालेल्या पक्ष्यात एकच असतो.

दुसरा, काळेपणा दाबणारा घटक. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत तो असतो, कडकनाथमध्ये नसतो. हा घटक नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेला आहे. गाई-म्हशींत नर की मादी हे बापावरून ठरते, कोंबड्यांत मात्र ते आईवरून ठरते. त्यामुळे मादी पिल्लाला हा घटक फक्त बापाकडून मिळू शकतो, आईकडून कधीच नाही. नर पिल्लाला तो दोघांकडूनही मिळू शकतो.

आता दोन प्रकारचे मिलाप पाहू.

पहिला मिलाप : कडकनाथ नर आणि पिवळ्या पायांची गावठी मादी. सर्व पिल्लांना काळे करणारा एक वाटा मिळतो. मादी पिल्लांना बापाकडून दाबणारा घटक मिळत नाही, म्हणून ती थेट कडकनाथसारखी काळीभोर दिसतात. नर पिल्लांना आईकडून दाबणारा घटक मिळतो, म्हणून ती राखी किंवा डागाळलेली राहतात.

दुसरा मिलाप : पिवळ्या पायांचा शुद्ध नर आणि कडकनाथ मादी. येथे नर-मादी सर्वच पिल्लांना बापाकडून दाबणारा घटक मिळतो, म्हणून सगळीच फिकट निघतात.

काळ्या कातडीच्या कोंबड्यांतील हा विचित्र प्रकार इंग्लंडमधील केंब्रिजचे बेटसन व पनेट या शास्त्रज्ञांनी 1911 सालीच मांडला होता. त्यांनी सिल्की या काळ्या कातडीच्या जातीचा लेगहॉर्नशी संकर करून तो अभ्यासला. सिल्की आणि कडकनाथ या दोन्ही जातींतील काळे करणारा घटक एकच असल्याचे अलीकडच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे.

आमच्या घरी आलेली 12 पिल्ले पहिल्या मिलापाची होती, हे आता लक्षात येते. माद्या काळ्या आणि नर राखी ही त्याची सरळ खूण होती. अशा संकरित नर-माद्यांचा आपापसात मिलाप झाला की दर 16 पिल्लांत सरासरी 6 काळी, 6 राखी व 4 काळेपणाचा मागमूस नसलेली निघतात. या हिशेबाने 32 पिल्लांत 12, 12 व 8 अपेक्षित होती. आम्हाला 11, 12 व 9 मिळाली. विक्रेत्याच्या शब्दांपेक्षा पिल्लांचा हिशेब खरा निघाला.

पिल्ले विकत घेताना

1) शक्यतो खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावीत. झाबुआ येथील कृषी विज्ञान केंद्राने या जातीची पैदास केली आहे. आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र किंवा पशुसंवर्धन खात्याकडे आधी चौकशी करावी.
2) एक दिवसाच्या पिल्लांवरून पारख कठीण असते. शक्य असल्यास दोन-अडीच महिन्यांची तलंगे घ्यावीत. दर जास्त पडला तरी पारख करता येते.
3) फक्त माद्या पाहून सौदा करू नये. त्याच उबवणीतील नर पाहायला मागावेत. माद्या काळ्या आणि बहुतेक नर राखी असतील तर तो माल संकरित समजावा.
4) पायाला पाच बोटे, डोक्यावर पिसांचा झुपका, नळीवर पिसे किंवा केसाळ पिसारा असलेले पक्षी टाळावेत. अशा पक्ष्यांत दुसऱ्या जातीची भेसळ असते.
5) वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित कोंबड्या परसासाठी उपयुक्त आहेत, पण त्या संकरातून तयार केलेल्या आहेत. त्यांची घरची अंडी उबवून तेच गुण पुढे मिळत नाहीत. संकरित ज्वारीचे बियाणे आपण दरवर्षी नवे घेतो, तसेच हे आहे. त्यांचा नर कडकनाथ माद्यांत कधीही सोडू नये.

कोंबड्याची चाचणी

संकरित मादी दिसायला शुद्ध मादीसारखीच असते, हा खरा पेच आहे. शिवाय एका वाट्याचा संकरित पक्षी शुद्ध कडकनाथशी मिळवला तर पुढच्या पिढीत सगळी पिल्ले काळे करणारा वाटा घेऊनच येतात आणि दोष आणखी एक पिढी झाकला जातो. म्हणून निदान नर तरी तपासून घ्यावा. एका कोंबडीची पिल्ले वर्षाला दहा-वीस होतात, एका कोंबड्याची शंभरावर. नर तपासला की कळपाचे अर्धे बियाणे तपासले जाते.

चाचणीची रीत अशी. दिसायला चांगला, सर्व खुणांनी काळा असा नर निवडावा. त्याच्याबरोबर पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या, गोऱ्या कातडीच्या दोन-तीन गावठी कोंबड्या वेगळ्या कोंडाव्यात. कोंबडीच्या पोटात नराचे बीज दोन ते तीन आठवडे टिकते. म्हणून पहिल्या तीन आठवड्यांची अंडी घरी खावीत व त्यानंतरची सुमारे 20 ते 24 अंडी खुडुक कोंबड्यांखाली ठेवावीत.

पिल्ले आठ-दहा आठवड्यांची झाली की फक्त माद्यांची कातडी पाहावी. नर पिल्ले फिकट असणारच, त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नये. निदान 7 माद्या पाहायला मिळाव्यात. त्यांपैकी एकही गोऱ्या कातडीची निघाली तर तो नर अशुद्ध आहे, त्याला पैदाशीतून काढावे. सातही काळ्या निघाल्या तर नरावर भरवसा ठेवता येतो, कारण संकरित नराच्या सातही माद्या काळ्या निघण्याची शक्यता 128 मध्ये 1 एवढीच असते.

या चाचणीतील पिल्ले संकरित आहेत हे विसरू नये. ती मांसासाठी वाढवावीत. एकही मादी मुख्य कळपात मिसळू देऊ नये.

ठेवणीची निवड

केवळ रंगाच्या मागे लागून कमजोर पक्षी ठेवले तर कळप काळा होतो, पण अंडी व वजन घटते. म्हणून रंगाबरोबर ठेवणही पाहावी. निवड एकदाच न करता टप्प्याटप्प्याने करावी.

उबवणीच्या वेळी : वाकडी चोच, वाकडी बोटे, न भरलेली बेंबी असलेली पिल्ले पैदाशीसाठी धरू नयेत.

आठ आठवड्यांनी : कातडी, जीभ व तळवा तपासावा. चलाख, भराभर पिसे फुटलेली व सरळ पायांची पिल्ले निवडावीत. राखी पिल्ले वेगळी करावीत.

वीस आठवड्यांनी : या वयात कडकनाथ सरासरी 900 ग्रॅमच्या आसपास भरतो. कळपातील प्रत्येक पक्षी तागडीवर तोलावा. नरांपैकी वरच्या वजनाचे पाच-सहा बाजूला काढून त्यांतून रंग व ठेवण पाहून निवड करावी. छातीचे हाड सरळ, पाठ रुंद, दोन पायांतील अंतर चांगले, एकेरी तुरा, प्रत्येक पायाला चार बोटे आणि डोळे तेजदार असावेत. गुडघे एकमेकांना घासणारा नर घेऊ नये.

अंड्यावर आल्यानंतर : मादीच्या मागील बाजूच्या दोन टोकदार हाडांत किमान दोन बोटे शिरावीत व पोट मऊ लागावे. जिच्या अंड्यांचे कवच पातळ, आकार वेडावाकडा किंवा फारच लहान, तिची अंडी रवणीला ठेवू नयेत. पहिले वर्ष चांगली अंडी देऊन धडधाकट राहिलेल्या माद्यांची अंडी दुसऱ्या वर्षी उबवावीत. अशी मादी रोगाला व उन्हाला तोंड देऊन टिकलेली असते.

वजन व बांधा हे गुण निवडीने लवकर सुधारतात. अंड्यांची संख्या मात्र हळूहळू सुधारते. त्यासाठी घाई करून उपयोग नाही.

एकाच कोंबड्याचा धोका

चांगला नर मिळाला की तोच चार वर्षे ठेवण्याचा मोह होतो. त्याच्याच मुली वाढवून पुन्हा त्याच्याशीच मिळवल्या जातात. यामुळे रंग एकसारखा दिसतो, परंतु अंडी कमी फळतात, पिल्ले अंड्यातच मरतात व जगलेली नाजूक राहतात. रक्ताचे नाते जवळ आल्याचे हे परिणाम असतात.

आकड्यांत सांगायचे तर एक नर व दहा माद्या एवढ्यावरच कळप चालवला तर दर पिढीला हे नाते सुमारे 13 ते 14 टक्क्यांनी दाट होते. बाप-मुलीच्या एकाच मिलापात ते 25 टक्क्यांवर जाते. मात्र सहा नर व चोवीस माद्या असतील तर ही वाढ दर पिढीला अडीच टक्क्यांच्या आसपास राहते. माद्या वाढवण्यापेक्षा नरांची संख्या वाढवणे येथे जास्त महत्त्वाचे आहे.

तीन घरांची पद्धत

एका घराला सहा नर सांभाळणे परवडत नाही. परंतु तीन घरे, किंवा बचत गटातील तीन सभासद, मिळून हे काम सहज करू शकतात.

1) प्रत्येक घरी 8 माद्या व 2 नर ठेवावेत. एक नर कळपात व दुसरा वेगळा ठेवून दर पंधरवड्याला अदलाबदल करावी, म्हणजे मारामारी होत नाही.
2) प्रत्येक घरची निवडलेली तलंगे त्याच घरी राहतील.
3) निवडलेले तरुण नर दरवर्षी पुढच्या घरी जातील. पहिल्या घरचे दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे व तिसऱ्याचे पहिल्याकडे. ही दिशा कधीही बदलू नये.
4) नवे नर आले की जुने नर विकून टाकावेत.
5) बाहेरगावचा पक्षी आणल्यास तीन आठवडे वेगळा ठेवावा. आजार दिसला नाही तरच कळपात सोडावा.

गावात कोंबड्या मोकळ्या फिरतात व शेजारचा कोंबडा कुंपण मानत नाही. म्हणून वर्षभर नाही तरी उबवणीची अंडी गोळा करण्याच्या काळात पैदाशीच्या माद्या जाळीच्या आवारात कोंडाव्यात. मुक्कामाच्या जागेत दर पक्ष्याला 2 ते 3 चौरस फूट जागा द्यावी. तीन आठवड्यांनंतर जमा केलेली अंडी थंड जागी, रुंद बाजू वर करून ठेवावीत व सात दिवसांच्या आत उबवायला बसवावीत. एका गावठी खुडुक कोंबडीखाली 10 ते 12 अंडी पुरेत. कडक उन्हाळ्यात अंडी लवकर खराब होतात, म्हणून हे काम थंडीच्या दिवसांत उरकावे.

खूण व नोंद

कोणते पिल्लू कोणाचे हे लक्षात ठेवून चालत नाही. पायात रंगीत प्लॅस्टिकची कडी घालावी व प्रत्येक वर्षासाठी एक रंग ठरवावा. पक्षी वाढेल तशी कडी बदलावी, नाहीतर नळीत रुतते. साध्या वहीत उबवणीची तारीख, नर कोणता, किती अंडी ठेवली, किती पिल्ले निघाली, काळी-राखी-गोरी किती आणि वीस आठवड्यांचे वजन एवढे लिहावे. फळलेल्या अंड्यांचे प्रमाण वर्षागणिक घटू लागले तर नर बदलण्याची वेळ आली असे समजावे.

संकरित कळपाचे काय करावे?

ज्यांच्याकडे मिश्र कळप तयार झाला आहे त्यांनी तो मोडून टाकण्याची गरज नाही. राखी व गोरी पिल्ले घरी खाण्यासाठी किंवा गावठी म्हणून विकावीत. काळ्या माद्या ठेवून त्यांच्यावर दर पिढीला नवा, तपासलेला शुद्ध नर सोडावा. पहिल्या संकरात कडकनाथचा हिस्सा निम्मा असतो. तो पुढे 75 टक्के, मग साडेसत्याऐंशी व चौथ्या पिढीत सुमारे 94 टक्के होतो. मात्र त्या चार वर्षांत ही पिल्ले शुद्ध म्हणून विकू नयेत. परसातील धंदा ओळखीवर चालतो. एकदा फसलेले गिऱ्हाईक पुन्हा आपल्या दाराशी येत नाही.

आमच्या आईने पैसे परत केले आणि शेजारणींना कारणही सांगितले. आज त्याच तीन शेजारणींपैकी दोघी व आई मिळून वर सांगितलेली तीन घरांची पद्धत चालवतात. नर तपासून घेतले आहेत, वही घातली आहे. कोंबडीपालक बंधू-भगिनींनी एवढेच लक्षात ठेवावे : पिसे पाहून भुलू नये, नर तपासल्याशिवाय सोडू नये आणि एकाच नरावर कळप उभा करू नये. एवढे पाळले तर काळी कोंबडी आपल्या परसात पिढ्यान्‌पिढ्या काळीच राहील.